बोअरची मोटर सारखी जळतेय? आधी केबल मोजा

आज मोबाईल नाही, अ‍ॅप नाही (एक अ‍ॅप आहे, पण शेवटी येईल). आजचा विषय आहे बोअरमध्ये सोडलेल्या मोटरची केबल. कंटाळवाणा वाटतोय ना? मलाही वाटायचा. पण आमच्या सोसायटीची मोटर अकरा महिन्यांत दोनदा जळाली आणि दुसऱ्यांदा वर्गणी काढायची वेळ आली, तेव्हा मीटिंगमध्ये सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कारण काय, तर "तू इंजिनिअर आहेस ना?" मी चाकण एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. माझं काम शाफ्ट मोजायचं, मोटरशी माझा संबंध नाही. पण सेक्रेटरी काकांना हे कोण सांगणार?

आम्ही राहतो मोशीत. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं, त्यामुळे मोशी, चिखली, वाकड, पुनावळे कुठेही जा, सोसायटीला बोअर असतोच, आणि तो आटला की टँकर. खाली सगळा काळा बेसाल्ट. पाणी मिळतं ते खडकाच्या भेगांमधून, म्हणून मोटर खोल सोडावी लागते. आमची मोटर २४० फुटांवर आहे. पुढे बोअरच्या तोंडापासून पार्किंगमधल्या पॅनलपर्यंत आणखी १८० फूट. हा दुसरा आकडा लक्षात ठेवा, कारण वायरमनने तो धरलाच नव्हता.

नक्की काय झालं

मोटर दीड एचपी, सिंगल फेज. पहिल्यांदा जळाली तेव्हा वायरमन म्हणाला, "लाईट कमी येते, मोटर काय करणार?" रिवाइंडिंग करून परत सोडली. दुसऱ्यांदा जळाली तेव्हाही तेच उत्तर. मोटर काढायची-सोडायची मजुरी धरून दोन्ही वेळचे मिळून पंचवीस हजारांच्या वर गेले, शिवाय मधल्या दिवसांत टँकर.

मी क्लॅम्प मीटर घेऊन पॅनलला व्होल्टेज बघितलं. दुपारी २२५, संध्याकाळी सगळे एसी-गिझर चालू झाले की २०५. कमी आहे, पण मोटर जाळण्याइतकं नाही. मग मला पडलेला प्रश्न असा, की पॅनलला २०५ आहे, पण मोटरला किती पोचतंय? मीटर तर बोअरच्या तळाशी नेता येत नाही. पण हिशोब करता येतो.

केबल म्हणजे पाइपच

बारीक पाइपातून लांबवर पाणी नेलं की टोकाला धार बारीक होते. विजेचंही तसंच. केबल जितकी लांब आणि तांबं जितकं कमी, तितके व्होल्ट वाटेतच खर्च होतात. याला व्होल्टेज ड्रॉप म्हणतात. सिंगल फेजसाठी हिशोब एवढाच:

ड्रॉप = २ × लांबी × करंट × केबलचा मीटरमागे रेझिस्टन्स

दोनने गुणायचं कारण करंट जातो तसा परतही येतो. लवचिक तांब्याच्या केबलचा रेझिस्टन्स किलोमीटरमागे असा असतो: दीड स्क्वेअर एमएमला १३.३ ओहम, अडीचला ७.९८, चारला ४.९५, सहाला ३.३, दहाला १.९१. हे पाच आकडे मोबाईलच्या नोट्समध्ये टाकून ठेवा, पुढचं काम कॅल्क्युलेटर करेल.

आमची लांबी २४० अधिक १८०, म्हणजे ४२० फूट. मीटरमध्ये साधारण १३०. नेमप्लेटवर करंट १० अँपिअर. आता बघा: दीडच्या केबलमध्ये ३४.६ व्होल्ट वाटेत जातात, अडीचमध्ये २०.७, चारमध्ये १२.९, सहामध्ये ८.६ आणि दहामध्ये ५.

पंपासाठी ड्रॉप तीन टक्क्यांच्या आसपास ठेवावा असा साधारण रिवाज आहे. २३० चे तीन टक्के म्हणजे जेमतेम सात व्होल्ट. आमची केबल होती 'चार'ची, निदान छापलं तरी तसंच होतं. म्हणजे कागदावरच ती साडेपाच टक्क्यांपर्यंत जात होती.

इथे एक गोष्ट सांगतो जी मलाही आधी माहीत नव्हती. दुकानात गेलात की दुकानदार म्हणतो, "अडीचची केबल वीस अँपिअर आरामात खेचते, तुमची मोटर तर दहाचीच." तो खोटं बोलत नाही. तितक्या करंटने केबल तापून वितळणार नाही, हे खरं आहे. पण घरातल्या फिटिंगमध्ये अंतर दहा-पंधरा मीटर असतं, तिथे तो नियम पुरतो. बोअरमध्ये अंतर शंभर मीटरच्या पुढे गेलं की केबल तापायच्या कितीतरी आधी व्होल्टेज पडतं. बोअरला केबल अँपिअर बघून नाही, अंतर बघून घ्यायची.

छप्पन्न तारा

तरीही मला कोडं सुटत नव्हतं. चारच्या केबलवर मोटर कुरकुरत चालली असती, पण अकरा महिन्यांत दोनदा जळावी?

काढलेल्या केबलचा वीतभर तुकडा मी खिशात टाकून कंपनीत नेला. जेवणाच्या सुट्टीत इन्सुलेशन सोलून तारा मोजल्या. आपल्याकडे चार स्क्वेअर एमएमच्या लवचिक केबलमध्ये साधारण ०.३० मिलिमीटर जाडीच्या ५६ तारा असतात. मोजल्या तर बरोबर ५६. म्हटलं, चला, केबल तरी खरी आहे. मग सवयीने एक तार मायक्रोमीटरमध्ये धरली.

०.२५.

दुसरी धरली, तिसरी धरली. सगळ्या ०.२५. शेजारचा मित्र म्हणाला, "अरे पाच शतांशाचाच तर फरक आहे." आम्ही शाफ्टवर याहून कमी फरकाला माल परत पाठवतो, पण ते असू दे. जाडीतला फरक वर्गाने वाढतो. तारेचं क्षेत्रफळ काढलं की ०.३० च्या ५६ तारांचं होतं ३.९६ स्क्वेअर एमएम आणि ०.२५ च्या ५६ तारांचं होतं २.७५. म्हणजे चारच्या नावाखाली आम्हाला पावणेतीनची केबल विकली होती. तीस टक्के तांबं गायब, आणि तारा मोजणाऱ्याला संशयही येणार नाही अशा पद्धतीने.

आता हिशोब परत करा. ड्रॉप साडेअठरा व्होल्ट, म्हणजे आठ टक्के. संध्याकाळी पॅनलला २०५ असताना मोटरला १८६ च्या आसपास. आणि ही झाली मोटर चालू असतानाची गोष्ट. सुरू होताना मोटर नेहमीच्या चौपट वगैरे करंट ओढते, तेव्हा माझ्या ढोबळ हिशोबाने तिला दीडशे-पंचावन्न व्होल्ट मिळत होते. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, त्यामुळे सुरू होतानाचा जोर निम्म्याहूनही कमी राहतो. मोटर घुंघुं करत अडखळते, वाइंडिंग तापतं, कशीबशी फिरते. हे दररोज दोन-तीनदा. वरून टाकीच्या फ्लोटमुळे कधी पाचदा. इन्सुलेशन एका दिवसात जळत नाही, ते रोज थोडं थोडं भाजत जातं.

त्या केबलवर कुठलंच ओळखीचं नाव नव्हतं, आयएसआयचा शिक्काही नव्हता. दुकानाचं नाव मी इथे लिहीत नाही. पावतीही 'केबल, एक नग' अशीच होती, त्यामुळे भांडायला हातात काही नव्हतं.

आणि गंमत बघा, हे सगळं कुठे घडलं? फिनोलेक्स केबल्सचं नोंदणीकृत ऑफिस जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर पिंपरीतच आहे. १९५८ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने आधी गाड्यांसाठी पीव्हीसी केबल बनवल्या, आज तिथून थोडं पुढे मावळात उर्से इथेही तिचा कारखाना आहे. मी त्यांची जाहिरात करत नाहीये, नियमात बसणारी केबल बनवणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत. पण केबलच्या गावात राहून आम्ही पावणेतीनला चार समजत होतो.

मायक्रोमीटर नसेल तर वजनकाटा

तुमच्याकडे मायक्रोमीटर नसणार, मान्य. पण वजनकाटा प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात असतो. एक स्क्वेअर एमएमची एक मीटर लांब तांब्याची तार साधारण ९ ग्रॅम भरते. मग चार स्क्वेअर एमएमची, तीन कोअरची, १०० मीटर केबल घ्या: ३ × ४ × १०० × ९ म्हणजे १०,८०० ग्रॅम. नुसतं तांबंच पावणेअकरा किलोच्या आसपास. त्यावर पीव्हीसीचं वजन वेगळं. अख्खं बंडल काट्यावर ठेवल्यावर बारा किलोही भरत नसेल तर समजा काहीतरी गडबड आहे. (चांगली कंपनी रेझिस्टन्सच्या नियमात बसून तांबं किंचित कमी वापरू शकते, त्यामुळे शंभर-दोनशे ग्रॅमवरून दुकानदाराशी हुज्जत घालू नका.)

दुसरी लबाडी म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार. वरून लालसर, आत पांढरी. ब्लेडने एक तार खरवडा, आत चंदेरी दिसलं की केबल परत. सरळ 'अ‍ॅल्युमिनियम' म्हणून विकली जाणारी स्वस्त केबलही मिळते. तिच्यात फसवणूक नाही, पण अ‍ॅल्युमिनियमचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणून जाडी तितकीच वाढवावी लागते. शिवाय मोटरची वायर तांब्याची आणि केबल अ‍ॅल्युमिनियमची असा जोड पाण्यात टिकत नाही, लवकर गंजतो. बोअरच्या आत मी ती घालणार नाही.

आता ते अ‍ॅप. केबलवर ठराविक अंतराने कंपनीचं नाव, साइज, आयएस ६९४ हा नंबर आणि आयएसआयचा शिक्का छापलेला असतो, सोबत सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर. बीआयएस केअर हे सरकारी अ‍ॅप मोबाईलवर टाका, त्यात लायसन्स तपासायची सोय आहे. नंबर टाकला की लायसन्स कोणाचं आणि चालू आहे की नाही ते दिसतं. नाव जुळत नसेल तर दुकानातच कळतं. दोन मिनिटांचं काम आहे, रील बघण्यापेक्षा कमी वेळ.

चपटीच का?

बोअरची केबल चपटी असते, तीन कोअर शेजारी शेजारी. कारण साधं आहे: बोअरच्या भिंती आणि पंप यांच्यात फट फार कमी असते, गोल केबल तिथे घासते, चपटी पंपाला आणि पाइपला चिकटून उतरते. तिथे दररोज हलवाहलव नसते. पण तुमच्या शेजारी बिल्डिंगचं काम चालू असेल तर खड्ड्यातलं पाणी उपसायला लावलेल्या पंपाची केबल बघा, ती गोल आणि रबराची असते. ती दिवसभर चिखलातून, खडीवरून ओढली जाते, तिथे पीव्हीसी टिकत नाही. बोअरची उरलेली चपटी केबल अशा पंपाला जोडू नका. आणि उलट, कुठल्याही केबलने पंप लोंबकळत ठेवू नका, वजन दोरानेच पेलायचं.

दर दहा फुटांवर केबल पाइपला क्लिप किंवा पट्टीने बांधा. उन्हात पडलेला भाग पाइपात घाला, कारण ऊन पीव्हीसीला कडक करतं आणि उंदीर उरलेलं काम करतो.

जोड आणि अर्थिंग, इथे जीव जातो

मोटर जळाली तर पैसे जातात. यापुढचं चुकलं तर माणूस जातो, म्हणून हे नीट वाचा.

मोटरच्या छोट्या वायरीला केबल जोडतात तो जोड कायम पाण्याखाली राहतो. साधी काळी टेप गुंडाळून तो टिकत नाही. तीन कोअरचे जोड एकाच जागी न ठेवता खाली-वर करायचे, आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह किंवा रबर टेपचे घट्ट थर द्यायचे. मोटर सोडण्याआधी जोड रात्रभर पाण्याच्या बादलीत बुडवून सकाळी मेगरने तपासायचा. एक मेगओमच्या खाली आकडा आला तर ती मोटर बोअरमध्ये जाता कामा नये. वायरमनकडे मेगर नसेल तर मेगर असलेला वायरमन शोधा.

अर्थिंगचं काय? सिंगल फेजच्या बोअर मोटरला तीनही कोअर पॅनलमधल्या कपॅसिटरच्या जोडणीत वापरल्या जातात, एकही अर्थिंगला उरत नाही. पूर्वी लोखंडी पाइप असायचा, तो थोडंफार अर्थिंगचं काम करायचा. आता बहुतेक ठिकाणी काळा एचडीपीई पाइप, तो वीज वाहतच नाही. म्हणून मोटरच्या बॉडीपासून वेगळी हिरवी वायर वर आणावी लागते किंवा चार कोअरची केबल घ्यावी लागते. आमच्या जुन्या फिटिंगमध्ये हे नव्हतं. दोन वर्षं कुणालाच कळलं नाही.

आणि पॅनलला आरसीसीबी लावा. एमसीबी म्हणजे आरसीसीबी नव्हे. माणसाच्या अंगातून जाणारा करंट एमसीबीला दिसतच नाही, तो सोळा-वीस अँपिअरची वाट बघत बसतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी तेवढ्या गळतीवर तोडतो. तो वारंवार पडतो म्हणून काही जण सरळ बायपास करतात. पडतोय याचा अर्थ कुठेतरी गळती आहे, ती शोधायची. आणि जमिनीखालच्या टाकीत पंप असेल तर सफाईला माणूस उतरवण्याआधी नुसता स्टार्टर बंद करून चालणार नाही, मेन बंद करून तिथे एक माणूस उभा करा.

मामाची पाच एचपी

हे सगळं मी चाकणच्या पुढे खेड तालुक्यातल्या मामाला सांगितलं. त्याची विहिरीवर पाच एचपी थ्री फेज आहे, स्टार्टर रस्त्याकडच्या खोलीत, मोटरपर्यंत २०० मीटर. तो म्हणाला, "तुमच्या दीड एचपीला सहाची केबल, मग माझ्या पाचला वीसची लागेल काय रे?"

नाही लागत. थ्री फेजला व्होल्टेज ४१५ आणि तेवढ्याच कामाला करंट बराच कमी. तिथे २ ऐवजी १.७३ ने गुणायचं. मामाची मोटर ९ अँपिअर घेते: चारच्या केबलमध्ये १५ व्होल्ट, म्हणजे पावणेचार टक्क्यांच्या आत. सहामध्ये दहा व्होल्ट, अडीच टक्के. त्याच्याकडे चार होती, आणि काट्यावर ती खरी भरली. मी म्हटलं, मामा, राहू दे. त्याचं पुढचं म्हणणं: "आता साडेसात एचपीपर्यंत शेतीची वीज फुकट आहे, वाटेत गेली तर जाऊ दे की." वीज फुकट आहे, रिवाइंडिंग नाही. त्याची खरी काळजी मात्र वेगळीच होती. १३० मीटर सहाच्या केबलमध्ये जवळपास २१ किलो तांबं असतं हे मी सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणूनच चोर विहिरीवर येतात." तो हंगाम संपला की वरची केबल गुंडाळून घरी आणतो.

आम्ही शेवटी काय घेतलं

तीन टक्क्यांचा नियम काटेकोर पाळायचा तर दहाची केबल हवी होती. आम्ही सहाची घेतली, पावणेचार टक्के. दहाची महाग, वाकवायला जड आणि पॅनलच्या टर्मिनलमध्ये बसायला अवघड. काहींनी सुचवलं की पॅनलच बोअरजवळ आणू, म्हणजे केबल वाचेल. पण मग मीटरपासून पॅनलपर्यंतची वायर लांबते आणि तिचा ड्रॉप तसाच मोजावा लागतो. अंतर कुठेही ढकललं तरी अंतरच राहतं. तो भाग जाड अ‍ॅल्युमिनियम आर्मर्ड केबलने केला तर स्वस्तात जमतं, हे मात्र खरं. आमच्याकडे पार्किंग खोदायला कुणी तयार नव्हतं.

अजून एक हिशोब मीटिंगमध्ये उपयोगी पडला. जुन्या केबलमध्ये मोटर चालू असताना १८५ वॅट नुसते उष्णता होऊन जात होते, सहामध्ये ८६ जातात. रोज चार तास धरले तर वर्षाला १४५ युनिटचा फरक. याने केबलचे पैसे लगेच निघत नाहीत, पण खजिनदार काकूंनी मान डोलावली.

नवीन केबल दुकानात काट्यावर ठेवली तेव्हा दुकानदाराने विचारलं, "केबल किलोवर घेताय का?" पावतीवर साइज, मीटर, कंपनी आणि लायसन्स नंबर लिहून घेतला. परवा संध्याकाळी पॅनलला २०६ व्होल्ट असताना क्लॅम्प मीटर लावला, करंट १०.३. मोटर एका झटक्यात उठते, ते घुंघुं गेलं. जुन्या केबलचा वीतभर तुकडा सेक्रेटरी काकांनी ऑफिसच्या कपाटात ठेवलाय, वर स्केचपेनने लिहिलंय: २.७५.